पुणेरी पलटण : तीन अंतिम सामने, एक चषक

प्रो कबड्डी लीगच्या पहिल्या बारा हंगामांत पुणेरी पलटण तीन वेळा अंतिम सामन्यात पोचली. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूर पिंक पँथर्सने तिला ३३-२९ असे हरवले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत तिने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून चषक जिंकला. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत दबंग दिल्लीने तिच्यावर ३१-२८ अशी मात केली. या तीन सामन्यांत पुण्याने मिळवलेले गुण अनुक्रमे २९, २८ आणि २८. चषकाच्या सामन्यात पुण्याच्या गुणफलकावर दर वेळी जवळपास एकच आकडा लागला आणि चषक मात्र एकदाच हाती आला. २०२५चा संघ २०२४च्या विजेत्या संघाच्या तोडीचा होता का, हा प्रश्न पुण्याच्या कबड्डीरसिकांत निघतो तेव्हा उत्तरादाखल खेळाडूंची नावे पुढे केली जातात. खरे उत्तर बाद फेरीच्या गुणफलकात सापडते, आणि ते प्रचलित समजुतीपेक्षा बरेच वेगळे आहे.

चालू मोहिमेची जुन्या विजेतेपदाशी तुलना करण्याची हौस सर्वांत जास्त अमेरिकन बास्केटबॉलमध्ये दिसते. तिथे बाद फेरीची प्रत्येक लढत सात सामन्यांची असते आणि चार सामने जिंकणारा संघ पुढे जातो. गोल्डन स्टेट वॉरियर्सने २०१४-१५ मध्ये साखळीत ६७ सामने जिंकले, १५ गमावले आणि अंतिम लढतीत क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सला ४-२ असे हरवून विजेतेपद मिळवले. पुढच्याच वर्षी त्यांनी ७३-९ अशी कामगिरी करून शिकागो बुल्सचा १९९५-९६ मधला ७२-१०चा विक्रम मोडला. त्याच क्लीव्हलँडविरुद्ध अंतिम लढतीत ते ३-१ असे पुढेही होते. पण उरलेले तिन्ही सामने गमावून ते हरले. बुल्सनी त्यांच्या वर्षी बाद फेरीतले १८ पैकी १५ सामने जिंकून चषक नेला होता. म्हणून साखळीतला विक्रम वॉरियर्सच्या नावावर असूनही थोर संघ कोणता, या वादात बुल्सचे पारडे जड राहते. विजेत्या वर्षापेक्षा साखळीत चांगला खेळलेला संघ चषकाविना राहू शकतो आणि तुलना करताना साखळी व बाद फेरी यांचे हिशेब वेगवेगळे मांडावे लागतात, एवढे या उदाहरणावरून घ्यायचे. कबड्डीत हे आणखी कठीण, कारण तिथे सात सामन्यांची लढत नाही. चाळीस मिनिटांत सगळा निकाल.

पलटणची सुरुवात चषकाची स्वप्ने पडावीत अशी नव्हती. २०१४ साली लीग सुरू झाली तेव्हाच्या आठ संघांपैकी ती एक. पहिल्या दोन्ही हंगामांत ती तळाला होती. २०१६ साली दोन हंगाम झाले आणि दोन्हींत तिला तिसरा क्रमांक मिळाला. त्यानंतर प्रशिक्षक बदलले, कर्णधार बदलले, मोठ्या नावांवर पैसा लागला आणि पदरात फारसे काही पडले नाही. ज्या शहराने शांताराम जाधव, शकुंतला खटावकर, राजू भावसार यांच्यासारखे अर्जुन पुरस्कार विजेते कबड्डीपटू दिले, त्या शहराच्या नावाचा संघ आठ हंगाम अंतिम सामन्याच्या बाहेर राहिला, हे जाणकारांना खुपत होते.

बदल आला तो तरुण खेळाडू घडवण्याच्या धोरणातून. ‘युवा पलटण’ या नावाने संघाने स्वतःची कुमार फळी उभी केली. अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते, अबिनेश नादराजन, गौरव खत्री, संकेत सावंत ही नावे याच काळात पुढे आली. यातला अस्लम नगर जिल्ह्यातला, आकाश नाशिकचा आणि पंकज मुंबईचा. नवव्या हंगामात बी. सी. रमेश प्रशिक्षक झाले. २०१९ साली बंगाल वॉरियर्सला विजेतेपद मिळवून दिलेला हा माणूस बोलतो कमी, आणि एका चढाईपटूवर विसंबणारा संघ त्याला आवडत नाही. त्याच हंगामात इराणचा कोपरारक्षक फझल अत्राचली १ कोटी ३८ लाख रुपयांना पुण्यात आला आणि कर्णधार झाला.

२०२२ची ती मोहीम तुलनेसाठी तिसरा बिंदू म्हणून उपयोगी पडते. उपांत्य सामन्यात पुण्याने तमिळ थलैवाजला ३९-३७ असे कसेबसे हरवले आणि अंतिम सामन्यात जयपूरकडून २९-३३ असा पराभव पत्करला. दोन सामन्यांत ६८ गुण मिळवले आणि ७० दिले. चढाईची धार होती, पण पकडीत गळती होती. संघ व्यवस्थापनाने यातून काय ताडले ते पुढच्या लिलावात दिसले.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला ३३-२९ असे हरवून सुवर्णपदक मिळवले. नियमाच्या वादावरून बराच वेळ थांबलेला तो सामना अनेकांना आठवत असेल. भारतीय संघात पुण्याचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे होते. समोर इराणच्या बचावफळीत मोहम्मदरेझा शादलुई. दोनच दिवसांनी मुंबईत लिलाव सुरू झाला आणि पुण्याने याच शादलुईला २ कोटी ३५ लाख रुपये मोजून घेतले. फझल गुजरात जायंट्सकडे गेला. एका इराणी कोपऱ्याच्या जागी दुसरा इराणी कोपरा आला, एवढाच हा बदल वरवर दिसत होता. कर्णधारपद अस्लमकडे आले.

शादलुईचा फरक समजण्यासाठी मैदान नजरेसमोर आणावे लागते. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे एका संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर लांबीचे अंगण. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. तीस सेकंदांच्या चढाईत चढाईपटूला निदान रेषा ओलांडणे भाग असते. सात जणांच्या बचावात दोन टोकांना कोपरारक्षक आणि त्यांच्या आत मध्यरक्षक, अशी साखळी असते. साधारण कोपरारक्षक वाट पाहतो. चढाईपटूचा पाय आत आला की घोटा धरतो आणि बाकीचे झडप घालतात. शादलुई वाट पाहत नसे. चढाईपटू परत फिरण्याच्या बेतात असतानाच तो पुढे येऊन अंगावर जाई. त्यामुळे गडी टिपून सहज परतण्याची जी शेवटची दोन-तीन सेकंदे चढाईपटूला मिळतात, तीच पुण्याच्या डाव्या बाजूला मिळेनाशी झाली. दुसऱ्या टोकाला गौरव खत्री, मध्ये अबिनेश आणि संकेत. शिवाय अस्लम आणि मोहित हे दोघे चढाईपटू पकडीतही हात घालणारे. त्या हंगामात शादलुईने पकडीचे ९९ गुण मिळवले आणि सर्वोत्कृष्ट बचावपटूचा मान घेतला.

बारा शहरांत फिरलेल्या दहाव्या हंगामाच्या साखळीत पलटणने २२ पैकी १७ सामने जिंकले, तीन बरोबरीत सोडवले आणि फक्त दोन गमावले. ९६ गुणांसह ती अव्वल राहिली. या ९६च्या आकड्यात एक तपशील दडलेला आहे. तेव्हा विजयाला ५, बरोबरीला ३ आणि सात किंवा कमी गुणांच्या फरकाने हरल्यास १ गुण मिळत असे. सतरा विजयांचे ८५ आणि तीन बरोबऱ्यांचे ९ मिळून होतात ९४. उरलेले दोन गुण दोन पराभवांचे. म्हणजे त्या संपूर्ण साखळीत कोणत्याही संघाला पुण्यावर सातपेक्षा मोठ्या फरकाने विजय मिळवता आला नाही. एवढ्या वर्चस्वातही चढाईच्या सर्वाधिक गुणांच्या यादीत वर नाव होते ते दबंग दिल्लीच्या आशू मलिकचे, २७६ गुणांसह. पुण्याचा एकही चढाईपटू त्याच्या आसपास नव्हता. हंगामाचा सर्वात मौल्यवान खेळाडू मात्र अस्लम ठरला. गुण सात जणांत वाटून घेणाऱ्या संघाचे हे लक्षण होते, आणि त्यात प्रशिक्षकाची छाप दिसते.

पहिल्या दोन क्रमांकांच्या संघांना तेव्हा थेट उपांत्य फेरीत प्रवेश होता. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी हैदराबादेतल्या गचीबावली इथे पुण्याने पाटणा पायरेट्सला ३७-२१ असे हरवले. तीन वेळच्या विजेत्यांना चाळीस मिनिटांत २१ गुणांवर रोखणे ही त्या बाद फेरीतली सर्वांत बोलकी कामगिरी. अंतिम सामन्यापेक्षाही या सामन्यात २०२४चा संघ काय होता ते कळते. दुसऱ्या बाजूने साखळीत पाचवा आलेला हरियाणा गतविजेत्या जयपूरला ३१-२७ असा हरवून अंतिम फेरीत आला.

१ मार्चचा अंतिम सामना प्रेक्षणीय होता असे कोणी म्हणणार नाही. दोन्ही संघ सावध होते. एकही गुण न घेता परतायचे आणि तिसऱ्या, म्हणजे करो या मरो चढाईवर समोरच्याला पकडीत ओढायचे, असा खेळ बराच वेळ चालला. विश्रांतीपूर्वी पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुणांची कमाई केली. पाय निदान रेषेच्या आत, मागून आलेल्या बचावपटूंची झडप, त्या गर्दीतून मध्यरेषेकडे झेप, आणि हरियाणाचे अंगण जवळपास रिकामे. विश्रांतीला पुणे १३-१० असे पुढे होते. उत्तरार्धाच्या सुरुवातीला उरलेले गडीही बाद होऊन हरियाणावर लोण चढला. तरीही गुणफलकाचे दोन भाग केले तर उत्तरार्धात दोन्ही संघांचे गुण सारखे, १५-१५. म्हणजे विजयाचा तीन गुणांचा फरक पहिल्या वीस मिनिटांतच पडला होता, आणि पंकजच्या एका चढाईचे गुण त्या फरकापेक्षा जास्त होते. पंकजने एकूण नऊ गुण मिळवले, मोहितने पाच, गौरवने पकडीचे चार. हरियाणाकडून सर्वाधिक झुंजला तोही मराठी मुलगा, शिवम पठारे. हरियाणाला मिळालेले २५ गुण हा पुण्याच्या बचावाचा हिशेब होता.

मधला अकरावा हंगाम लवकर उरकता येतो, पण त्यातली एक गोष्ट टाळता येत नाही. ऑगस्ट २०२४च्या लिलावात शादलुई २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला. हंगामात अस्लम जखमी झाला आणि पुणे बाद फेरीतही पोचले नाही. नेमका त्याच वर्षी बाद फेरी आणि अंतिम सामना पुण्यात, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात ठेवलेला. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या या संकुलात २९ डिसेंबर २०२४ रोजी हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असे हरवले. पुण्याच्या चषकाचा आधारस्तंभ ठरलेल्या शादलुईने पुण्यातच चषक उचलला, पण हरियाणाच्या पोशाखात. पुण्याच्या प्रेक्षकांनी त्याला टाळ्या दिल्या असतील तर त्यात नवल नाही. त्याला सोडण्याचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांचे त्या संध्याकाळी काय झाले असेल, याची कल्पना करावी.

बाराव्या हंगामात अजय ठाकूर मुख्य प्रशिक्षक झाले. २०१६च्या विश्वचषक अंतिम सामन्यात भारताला सावरणारा हा चढाईपटू आधीच्या हंगामात रमेश यांच्या हाताखाली साहाय्यक होता. कर्णधार पुन्हा अस्लम. आकाश शिंदे बेंगळुरूकडे गेला, चढायांत आदित्य शिंदे हे नवे नाव वर आले. बचावात गौरव आणि अबिनेश राहिले, बाकीची घडी नव्याने बसवावी लागली. त्याच लिलावात इतर संघांनीही फेरबदल केले. पुण्याचा २०२२चा कर्णधार फझल अत्राचली दबंग दिल्लीत दाखल झाला. तिथे कर्णधार होता आशू मलिक आणि प्रशिक्षक जोगिंदर नरवाल, ज्याने आठव्या हंगामात दिल्लीला कर्णधार म्हणून पहिला चषक मिळवून दिला होता.

लीगचे नियमही बदलले. प्रत्येक संघाचे साखळी सामने २२ वरून १८ झाले. विजयाला दोन गुण, पराभवाला शून्य. बरोबरी रद्द झाली. पूर्ण वेळेत समान गुण झाले तर पाच-पाच चढायांचा जादा डाव, जो महाराष्ट्रातल्या गावोगावच्या स्पर्धांत प्रेक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला आहे. या डावात निदान रेषा हीच बोनस रेषा धरली जाते आणि गडी बाद होऊन बाहेर जात नाही, फक्त गुण मोजले जातात. बाद फेरीत सहाऐवजी आठ संघ आले, आणि पहिल्या दोन क्रमांकांना ‘क्वालिफायर’ची सोय मिळाली. तो जिंकणारा संघ थेट अंतिम फेरीत जातो आणि हरणाऱ्याला आणखी एक संधी असते.

साखळीत पुण्याने १८ पैकी १३ सामने जिंकून २६ गुण मिळवले. दिल्लीचेही १३ विजय आणि २६ गुण. गुणफरकावर पुणे पहिले आले. २७ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये दोघांची पहिल्या क्वालिफायरमध्ये गाठ पडली. पूर्ण डावात ३४-३४ अशी बरोबरी, आणि पाच-पाच चढायांच्या जादा डावात दिल्ली ६-४ अशी विजयी. २९ ऑक्टोबरला दुसऱ्या क्वालिफायरमध्ये पुण्याने तेलुगू टायटन्सला ५०-४५ असे हरवले. हा सामना म्हणजे चढाईपटूंची दिवाळी होती. दोन्ही संघांचे मिळून ९५ गुण झाले आणि पकडी करणारे बहुतेक वेळ नुसते साक्षीदार. ३१ तारखेला पुन्हा दिल्ली. यजमानांनी पूर्वार्धात आघाडी घेतली, पुण्याने उत्तरार्धात अंतर कमी करत आणले, चढायांचा मोठा भार आदित्य शिंदेने उचलला. अखेरच्या क्षणांत फझल अत्राचलीच्या पकडीने दिल्लीचे विजेतेपद पक्के झाले. २०२२ साली पुण्याचा कर्णधार म्हणून अंतिम सामना हरलेला खेळाडू तीन वर्षांनी पुण्याविरुद्धच जिंकला, आणि दिल्लीकडून खेळणाऱ्यांत अजिंक्य पवारसारखा महाराष्ट्राचा गडीही होता.

या पराभवाची तीन कारणे सांगितली जातात. तिन्हींत तथ्य आहे, पण सारखे नाही.

पहिले कारण नव्या रचनेचे. साखळीत पहिला आलेला संघ जुन्या पद्धतीत दिल्लीला फार तर एकदाच, अंतिम सामन्यात भेटला असता. नव्या पद्धतीने त्याला तिच्याशी दोनदा झुंजायला लावले, असा हा युक्तिवाद. हिशेब मात्र उलटे सांगतो. एखादा संघ प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता शंभरात साठ धरू. २०२४च्या रचनेत अव्वल संघाला लागोपाठ दोन सामने जिंकायचे होते, म्हणजे चषकाची शक्यता शंभरात ३६. २०२५च्या रचनेत पहिला क्वालिफायर आणि अंतिम सामना जिंकण्याचे तेच ३६, शिवाय पहिला हरून पुढचे दोन जिंकण्याचे १४ आणखी. एकूण सुमारे ५०. नवी रचना अव्वल संघावर मेहेरबान आहे. पुण्याने तो फायदा घेतलाही, कारण क्वालिफायर हरूनही संघ अंतिम फेरीत होता. जुन्या पद्धतीत बाद फेरीतला पहिला पराभव हाच शेवटचा असतो. बास्केटबॉलच्या सात सामन्यांच्या लढतीत याच साठ टक्क्यांच्या संघाची एक लढत जिंकण्याची शक्यता ७१ पर्यंत जाते. तिथे बलवान संघाला नशिबाची भीती कमी. कबड्डीला ते वेळापत्रक परवडणारे नाही, पण दुसरी संधी देणारी ही रचना त्या दिशेने टाकलेले पाऊल आहे. तिला दोष देणे पुण्याला शोभत नाही.

दुसरे कारण थकव्याचे. ते जास्त वजनदार आहे. पुण्याने पाच दिवसांत तीन सामने खेळले, त्यातला एक जादा डावापर्यंत गेलेला आणि एक ९५ गुणांचा. अंतिम सामन्यापूर्वी पुण्याला मोकळा दिवस मिळाला एक, दिल्लीला तीन. २०२४ मध्ये उपांत्य आणि अंतिम सामन्यांमध्ये पुण्याला एकच दिवस मिळाला होता, पण हरियाणालाही तेवढाच, शिवाय हरियाणा बाद फेरीत पुण्यापेक्षा एक सामना जास्त खेळून आला होता. तेव्हा ताजेपणा पुण्याच्या बाजूने होता, २०२५ मध्ये दिल्लीच्या. हा फायदा दिल्लीने पहिला क्वालिफायर जिंकून कमावला होता, हेही विसरता येत नाही.

तिसरे कारण घरच्या मैदानाचे, आणि पुणेकरांना ते सर्वांत जवळचे. दहाव्या हंगामात १५ ते २० डिसेंबर २०२३ या काळात लीगचा मुक्काम बालेवाडीत होता. कोथरूडच्या माणसाला चांदणी चौक ओलांडून महामार्गाने अर्ध्या तासात तिथे पोचता येते, अर्थात वाहतूक कोंडी नसेल तर, आणि संध्याकाळी ही अट क्वचितच पाळली जाते. तरी आपला संघ आपल्या डोळ्यांसमोर खेळताना पाहता आला. बाराव्या हंगामाचे सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत झाले. पुण्यात एकही नाही. कोथरूड, कर्वेनगर, वारज्यातल्या प्रेक्षकांनी संपूर्ण हंगाम पडद्यावर पाहिला, आणि बाद फेरी तर थेट प्रतिस्पर्ध्याच्या गावात. घरच्या प्रेक्षकांसमोर चषक जिंकण्याचे उदाहरण २०१५ साली यू मुंबाने मुंबईत घालून दिले होते. दिल्लीने ते गिरवले. मात्र पुण्याने २०२४चा चषकही घरी जिंकलेला नाही. हैदराबाद पुण्याचे नव्हते तसेच हरियाणाचेही नव्हते. म्हणून तटस्थ मैदान आणि परके मैदान एवढाच फरक इथे मानावा, त्याहून जास्त नाही. तीन गुणांच्या सामन्यात तेवढाही फरक पुरतो, असे म्हणणाऱ्याला मात्र खोडून काढता येणार नाही.

या तिन्ही कारणांपेक्षा गुणफलक अधिक स्पष्ट बोलतो. २०२४च्या बाद फेरीत पुण्याने दोन सामन्यांत ६५ गुण मिळवले, ४६ दिले. २०२५ मध्ये, जादा डावाचे गुण सोडून, तीन सामन्यांत ११२ मिळवले आणि ११० दिले. सामन्यामागे सरासरी काढली तर मिळवलेले गुण साडेबत्तीसवरून ३७ वर गेले, म्हणजे चढाईत २०२५चा संघ विजेत्या संघापेक्षा सरस होता. दिलेले गुण मात्र २३ वरून जवळपास ३७ वर गेले. २०२२चा आकडा शेजारी ठेवला की चित्र पूर्ण होते. तेव्हा सामन्यामागे ३४ मिळवले आणि ३५ दिले होते. म्हणजे २०२२ आणि २०२५ हे पुण्याचे नेहमीचे रूप, आणि २०२४ हा अपवाद. तो अपवाद घडवला बचावाने.

आक्षेप घेणारे म्हणतील की ५०-४५च्या एका सामन्याने सरासरी फुगली. तो सामना वगळला तरी दिल्लीविरुद्धच्या दोन सामन्यांत पुण्याने ६५ गुण दिले, म्हणजे सामन्यामागे साडेबत्तीस. २०२४च्या २३ पासून ते बरेच दूर आहे. प्रतिस्पर्धी वेगळे होते, हा आक्षेप मात्र खरा आहे. २०२५ची दिल्ली ही २०२४च्या हरियाणापेक्षा वरचढ होती. हरियाणा साखळीत पाचवा होता, दिल्ली गुणांत पुण्याच्या बरोबरीची. २०२४ मध्ये पुण्याला बाद फेरीत आपल्या तोडीचा संघ भेटलाच नाही, कारण दुसऱ्या क्रमांकाचा जयपूर हरियाणाने आधीच बाहेर काढला होता. हे भाग्य २०२५ मध्ये नव्हते.

व्यक्तींच्या पातळीवर हीच गोष्ट आणखी ठळक दिसते. शादलुईने पुण्याकडून एक हंगाम खेळून चषक जिंकला, पुढच्या हंगामात हरियाणाकडून जिंकला, आणि बाराव्या हंगामात गुजरातने त्याच्यावर २ कोटी २३ लाख लावले. फझल अत्राचली यू मुंबा आणि पाटण्याकडून जिंकून आला होता, दिल्लीत त्याने तिसऱ्या संघासाठी चषक मिळवला. गेल्या काही हंगामांत विजेत्या संघांच्या टोकाला एक तरी असा इराणी कोपरारक्षक वारंवार दिसतो. लिलावात लक्ष चढाईपटूंकडे जाते, कारण दूरचित्रवाणीवर चढाई दिसते आणि पकडीचे श्रेय बचावसाखळीतल्या चार जणांत विभागले जाते. पुणेरी पलटणने एकदा तो मोह टाळला होता आणि त्याचे फळ हैदराबादेत मिळाले.

तेव्हा २०२५चा संघ २०२४च्या संघापेक्षा दुबळा होता असे सरसकट म्हणणे चूक, आणि रचनेने चषक हिरावला असे म्हणणे त्याहून चूक. चढाईत नवा संघ पुढे होता. पण दोन्ही अंतिम सामन्यांत पुण्याच्या नावावर २८च गुण लागले. २०२४ मध्ये समोरच्याला २५ मिळाले, २०२५ मध्ये ३१. पुण्याला पुढचा चषक हवा असेल तर पुढच्या लिलावात पैसा चढाईपटूवर न लावता डाव्या कोपऱ्यावर लावावा.